सील तुटलं की माल तुमचा

लॅमिंग्टन रोडच्या एका गाळ्यात मी भाच्याबरोबर उभा होतो. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण ते टॅक्सीवाल्याला सांगून बघा.) त्याच्या हातात गेमची डिस्क, माझ्या हातात बिल. आदल्या शनिवारी घेतलेला गेम घरी तिसऱ्या मिशनपर्यंत नीट चालायचा. मग एका पुलावर गाडी चढली की पडदा काळा व्हायचा आणि कन्सोल मुकाट्याने पहिल्या पानावर येऊन बसायचा. पाच वेळा तोच पूल, पाच वेळा तोच काळोख.

दुकानदाराने डबी उलटीपालटी करून पाहिली, फाटलेल्या प्लास्टिकच्या कडेवरून नख फिरवलं.

"साहेब, सील तुटलं की माल तुमचा."

"पण सील तोडल्याशिवाय कळणार कसं, चालतो की नाही ते?"

"डिस्क चालते ना? मग झालं. गेम काय मी बनवला नाही. नेटला जोडून ठेवा, पॅच येईल."

भाच्याने माझी बाही ओढली. "मामा, चल ना."

मुंबईत एखाद्याला फसवलं, गुंडाळलं की 'त्याचा गेम केला' म्हणतात. परतीच्या लोकलमध्ये मला तोच शब्दप्रयोग आठवत होता. पण दुकानदाराला तरी काय दोष द्यायचा? मिक्सर घेतला आणि 'पातं पुढच्या महिन्यात येईल' असं कोणी सांगितलं, तर आपण त्याच्या काउंटरवरून हलणार नाही. गेमच्या बाबतीत मात्र 'पॅच येईल', म्हणजे दुरुस्ती मागाहून नेटवरून येईल, हे उत्तर जगभर चालतं. ते उत्तर कुठून आलं आणि ते ऐकल्यावर पैसे परत मागायची सोय आहे की नाही, हे समजून घ्यायला पोलंडला जावं लागेल.

सीडी प्रोजेक्ट ही वॉर्साची कंपनी. १९९४ साली दोन शाळामित्रांनी सुरू केलेली, सुरुवातीला दुसऱ्यांच्या सीडी विकणारी. तेव्हाच्या पोलंडमध्ये चोरीच्या प्रती बाजारात उघड मिळत. खरा गेम कोण घेणार? या दोघांनी १९९९ मध्ये 'बाल्डर्स गेट' पोलिश भाषेत आणला, जाडजूड खोक्यात घातला, सोबत नकाशा वगैरे ऐवज दिला, आणि लोकांनी चोरीची प्रत सोडून खोकं घेतलं. म्हणजे गिऱ्हाइकाला काय दिलं की तो खूश होतो, हे या कंपनीला बाळपणापासून ठाऊक. पुढे 'द विचर' मालिकेने तिला जगभर नाव दिलं. ही पार्श्वभूमी एवढ्यासाठी सांगतोय की २०२० च्या डिसेंबरात जे झालं ते कुठल्या ऐऱ्यागैऱ्या भुरट्याने केलेलं नव्हतं.

'सायबरपंक २०७७' या तिच्या गेमची घोषणा २०१२ ची. पहिल्या झलकीत तारखेच्या जागी 'तयार होईल तेव्हा' असं लिहिलं होतं. ते वाक्य त्यांनी पाळलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. २०१९ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या मेळाव्यात कीआनू रीव्हज स्वतः मंचावर आला आणि तारीख पडद्यावर झळकली: १६ एप्रिल २०२०. मग ती १७ सप्टेंबर झाली. मग १९ नोव्हेंबर. ५ ऑक्टोबरला कंपनीने जाहीर केलं की गेम 'गोल्ड' झाला, आणि २७ ऑक्टोबरला पुन्हा पुढे ढकलला, १० डिसेंबरपर्यंत.

या 'गोल्ड' शब्दापाशी जरा थांबू. कारखान्यात लाखो प्रती छापायला जी मूळ तबकडी पाठवायची, ती सोनेरी रंगाची असे. ती गेली म्हणजे काम संपलं, आता चूक सापडली तरी काही करता येणार नाही. कन्सोल इंटरनेटला जोडले गेले आणि शब्द तोच राहून अर्थ बदलला. आता 'गोल्ड' म्हणजे डिस्कवर काहीतरी जाऊ शकतं एवढंच. उरलेलं काम गेम दुकानात पोचेपर्यंत चालू राहतं आणि पहिल्याच दिवशी कित्येक जीबींच्या पॅचमधून घरी येतं. आपल्याकडे फ्लॅटचं बघा: लिफ्ट बसायची आहे, पाण्याची जोडणी व्हायची आहे, ओसीचा पत्ता नाही, पण बिल्डर चावी हातात देऊन पेढे वाटतो. 'गोल्ड'चे पेढे आणि ते पेढे एकाच हलवायाचे.

१० डिसेंबरला गेम आला तेव्हा आगाऊ नोंदणीच ८० लाखांवर गेली होती. चांगल्या पीसीवर तो बरा चालत होता, परीक्षणांतही गुण भरघोस होते. पण परीक्षकांना दिलेल्या प्रती पीसीच्याच होत्या, आणि सुरुवातीच्या परीक्षणांत स्वतः टिपलेली दृश्यं दाखवायची मुभा नव्हती, कंपनीने पुरवलेलीच वापरायची होती. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर गेम कसा दिसतो, हे विकत घेणाऱ्याने पाहिलंच नव्हतं.

त्याने ते घरी पाहिलं. सेकंदाला ३० चित्रं हवीत तिथे गर्दीच्या चौकात ती २० च्या खाली येत. माणसं दोन्ही हात आडवे पसरून बुजगावण्यासारखी उभी राहत. इमारतींच्या भिंती आधी ओल्या मातीच्या गोळ्यासारख्या दिसत, मग काही क्षणांनी त्यांच्यावर खिडक्या-पाट्या उगवत. गुन्हा केला की पोलीस गाडीतून न येता पाठीमागे हवेतून प्रकट होत. आणि मधूनच सगळंच बंद.

भिंतींवर खिडक्या उशिरा का उगवत होत्या? यात गोम आहे. मोठं शहर एकदम कन्सोलच्या मेमरीत मावत नाही. खेळणारा ज्या गल्लीत आहे ती गल्ली आणि आजूबाजूचा थोडा भाग डिस्कवरून उचलायचा, मागे पडलेला टाकून द्यायचा, असं सतत चालू असतं. याला स्ट्रीमिंग म्हणतात. लग्नाच्या पंगतीत वाढपी जसा पुढच्या पानावर भात पोचवत राहतो, तसं. प्लेस्टेशन ४ बाजारात आला २०१३ मध्ये, आत फिरणारी हार्डडिस्क. ती वाढपी म्हणून म्हातारी. आणि हे शहर म्हणजे प्रत्येक पानात चौदा पदार्थ. गाडी जोरात पळवली की पानं झरझर पुढे सरकत आणि वाढपी मागे राही. मग उघडं पान दिसायचं. कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी १३ जानेवारी २०२१ ला कॅमेऱ्यासमोर बसून हेच कारण कबूल केलं. आधी पीसीवर देखणा करून मग जुन्या कन्सोलवर उतरवू, हे काम वाटलं त्यापेक्षा फार अवघड निघालं. हे सांगताना त्यांनी कनिष्ठांवर दोष ढकलला नाही, ते बरं केलं. पण मुद्दा असा की हे एका रात्रीत उद्भवलेलं दुखणं नव्हतं. डिस्कचा वेग २०१३ पासून सगळ्यांना माहीत होता.

मग सोनी आणि मायक्रोसॉफ्टने असा गेम आपल्या दुकानात येऊ कसा दिला? कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या प्रत्येक गेमची तपासणी करून दाखला देतात. १४ डिसेंबरला गुंतवणूकदारांशी बोलताना सीडी प्रोजेक्टच्या संचालकांपैकी मिखाऊ नोवाकोव्स्की यांनी सांगितलं की प्रकाशनापर्यंत आम्ही दुरुस्ती करू असा विश्वास या दोघांनी ठेवला असावा. म्हणजे इथेही 'पॅच येईल'च. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार आणि जगातल्या दोन बड्या कंपन्या एकाच वाक्यावर चालल्या होत्या.

त्याच १४ तारखेला कंपनीने माफीपत्र काढलं. जुन्या कन्सोलवर गेम कसा चालतो हे आम्ही दाखवलं नाही, चुकलो. जानेवारीत आणि फेब्रुवारीत मोठे पॅच देऊ. थांबायचं नसेल तर पैसे परत घ्या. ज्या दुकानातून घेतला तिथे मागा, तिथे जमलं नाही तर २१ डिसेंबरपर्यंत आम्हाला ईमेल करा.

वाचायला छान. लोक सोनीकडे गेले. सोनीच्या दुकानाचा नियम साधा होता आणि आहे: विकत घेतल्यापासून १४ दिवसांत मागा, पण डाउनलोड सुरू केलं असेल तर नाही, माल सदोष असेल तरच. दुकानदाराच्या सीलचंच हे डिजिटल रूप. फरक एवढाच की प्लास्टिक फाडताना निदान हाताला कळतं. इथे बटण दाबलं की सील तुटलं. शिवाय दोष आहे की नाही हे ठरवणार सोनी. काहींना उत्तर आलं की पॅच येताहेत, थांबा. सीडी प्रोजेक्टने दुसऱ्याच्या तिजोरीतून पैसे परत करायचं वचन देऊन टाकलं होतं, आणि तिजोरीवाल्याशी नीट बोलणं झालेलं नव्हतं. गोंधळ तीन दिवस चालला. मग १७ डिसेंबरच्या रात्री सोनीने असा निर्णय घेतला की गेमच्या जगात खळबळ उडाली: ज्याने आमच्या दुकानातून घेतलाय त्याला पूर्ण पैसे परत, आणि गेम दुकानातून बाहेर. तो परत आला २१ जून २०२१ ला, सहा महिन्यांनी. मायक्रोसॉफ्टने विक्री चालू ठेवली, पण परताव्याचा दरवाजा मोठा केला आणि पानावर इशारा लावला.

आता आकडे बघा. २०२० संपेपर्यंत १ कोटी ३७ लाख प्रती विकल्या गेल्या. ईमेलवरून थेट पैसे परत घेतलेल्या प्रती होत्या सुमारे ३० हजार, त्यावर खर्च झाला साधारण २२ लाख डॉलर. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि दुकानांमार्फत गेलेले परतावे यात धरलेले नाहीत, त्यांच्यासाठी कंपनीने वेगळी तरतूद केली. तरीही पारडं कुठे झुकलं होतं हे दिसतंच. अमेरिकेत कंपनीवर खटले भरले गेले, तडजोडीत १८ लाख ५० हजार डॉलर ठरले. ते कोणाला? भागधारकांना. गेमची खरी अवस्था लपवली म्हणून त्यांच्या शेअरचं नुकसान झालं होतं. बुजगावणी बघत बसलेला खेळाडू त्या खटल्यात पक्षकारच नव्हता. पोलंडच्या ग्राहक संरक्षण कार्यालयाने मात्र तक्रारी कशा हाताळल्या जाताहेत याची विचारणा केली होती.

अर्धवट माल विकणं हा काही इंटरनेटने लावलेला शोध नाही. १९८२ मध्ये अटारीने 'ई.टी.' हा गेम नाताळ गाठायचा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकाच प्रोग्रामरकडून पाचेक आठवड्यांत लिहून घेतला. खेळणारा खड्ड्यात पडत राहायचा आणि बाहेर आला की पुन्हा पडायचा. दुकानांनी न खपलेला आणि परत आलेला माल अटारीकडे धाडला आणि १९८३ मध्ये कंपनीने ट्रक भरभरून काडतुसं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरली. कित्येक वर्षं ही दंतकथाच वाटायची. २०१४ च्या एप्रिलमध्ये खणून पाहिलं तर खरंच निघाली. मला या गोष्टीत गंमत वाटते ती अशी की काडतुसाला पॅच नव्हता. वाईट निघाला तर माल परत येणार आणि तो ठेवायला खड्डा खणावा लागणार, हे कंपनीला दिसत होतं. डाउनलोडला कचराभूमी लागत नाही.

पीसीवर परताव्याची वाट मोकळी झाली ती २ जून २०१५ ला. स्टीम हे पीसीवरच्या गेमचं सगळ्यात मोठं दुकान, चालवणारी कंपनी व्हॉल्व्ह. त्या दिवशी तिने नियम जाहीर केला: विकत घेऊन १४ दिवस झालेले नसावेत आणि खेळून २ तास झालेले नसावेत, मग कारण काहीही असो, पैसे परत. हे औदार्य आपोआप सुचलं असं समजायचं कारण नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये व्हॉल्व्हवर दावा लावला होता. कंपनीचं म्हणणं, आम्ही ऑस्ट्रेलियात धंदा करतच नाही, आणि गेम हा 'माल' नाहीच. तिथल्या कायद्यात संगणकाचा प्रोग्राम 'माल' या व्याख्येत सरळ लिहिलेला आहे, आणि कंपनीची तिथे सुमारे २२ लाख खाती होती. २०१६ मध्ये निकाल विरुद्ध गेला, ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च पायरीवरचा दरवाजाही बंद झाला. याच आयोगाने पुढे सोनीच्या युरोपीय शाखेलाही धरलं. डाउनलोड केल्यावर पैसे परत द्यायला आम्ही बांधील नाही, असं ग्राहकांना सांगितल्याबद्दल २०२० मध्ये तिला ३५ लाखांचा दंड झाला. कुठलंही फॉर्मवरचं वाक्य कायद्यापेक्षा मोठं नसतं, हे ऑस्ट्रेलियाने दोनदा लिहून दाखवलं.

नवा नियम येऊन तीन आठवडे झाले होते तोच त्याची परीक्षा झाली. 'बॅटमॅन: आर्कम नाइट' २३ जून २०१५ ला पीसीवर आला तो अडखळत, धापा टाकत, महागड्या यंत्रांवरही चालेना. पूर्वी लोक चरफडत पॅचची वाट बघत बसले असते. आता त्यांच्या हातात बटण होतं. दुसऱ्याच दिवशी प्रकाशक वॉर्नरने पीसीवरची विक्री थांबवली. ऑक्टोबरच्या शेवटी गेम परत आणला, तेव्हाही तक्रारी उरल्याच होत्या. मग वर्षअखेरपर्यंत कितीही तास खेळलेला असो, पैसे परत देऊ असं जाहीर करावं लागलं. परतावा पोचला त्याचं समाधान असेलच, पण खरी कमाल त्या चोवीस तासांची. गिऱ्हाईक थांबायला तयार नाही म्हटल्यावर कंपनीला थांबावं लागलं.

तरी २ तास हे माप मला पटत नाही. घड्याळ सुरू होतं ते प्रोग्राम उघडल्यापासून. पात्राच्या नाकाची लांबी ठरवण्यात, पडद्याची चमक जुळवण्यात आणि सुरुवातीची फिल्म बघण्यात तासभर सहज जातो. खेळ धड चालत नाही म्हणून सेटिंगशी झटापट केलीत तर तोही वेळ 'खेळलात' यातच. आणि मोठ्या गेमचा पहिला भाग सगळ्यात जास्त घोटलेला असतो. तोच जाहिरातीत असतो. दोष राहतात पुढच्या मजल्यांवर. 'सायबरपंक'चंच एक उदाहरण देतो. पीसीवर खेळाची नोंद ठेवणारी सेव्ह फाइल ८ एमबीच्या वर गेली की ती खराब व्हायची, कायमची. वाढायची कशामुळे? खेळणाऱ्याने सामान गोळा केलं, वस्तू बनवल्या, की प्रत्येक गोष्टीची नोंद त्या फाइलीत. म्हणजे जितक्या आवडीने खेळाल तितके त्या ८ एमबीच्या जवळ जाल. कंपनीचा पहिला सल्ला होता, सामान कमी बाळगा! मग त्याच डिसेंबरात पॅचने ती मर्यादा काढली, पण आधीच बिघडलेल्या फाइली परत आल्या नाहीत. पन्नास-साठ तास खेळलेल्या त्या माणसाला दोन तासांच्या नियमाचा काय उपयोग?

दुसऱ्या टोकालाही अन्याय आहे, तोही सांगायला हवा. २०२१ मध्ये एमिका गेम्स या छोट्या स्टुडिओचा 'समर ऑफ '५८' नावाचा भयपटाच्या धर्तीचा गेम आला. तो दोन तासांच्या आतच पुरा व्हायचा. लोकांना आवडला, त्यांनी चांगलं लिहिलं, आणि पुष्कळांनी शेवटपर्यंत खेळून पैसेही परत घेतले. बनवणाऱ्याने जाहीर केलं की आता मी या धंद्यातून काही काळ बाहेर पडतो. थाळी चाटूनपुसून संपवायची आणि मग मालकाला म्हणायचं मीठ कमी होतं, असली गिऱ्हाइकं आपणही पाहिलीत. चाळीस तासांच्या आणि नव्वद मिनिटांच्या गेमला एकच फूटपट्टी लावली की दोन्हीकडे कापड चुकीचं फाटतं.

अर्धवट म्हणून सांगूनसवरून विकलेला गेम मात्र मी फसवणुकीत धरत नाही. स्टीमवर २०१३ पासून 'अर्ली अ‍ॅक्सेस' नावाचा विभाग आहे. पानावरच लिहिलेलं असतं की काम चालू आहे, आज जसा आहे तसा आवडत असेल तरच घ्या. बेल्जियमच्या लारियन स्टुडिओने 'बाल्डर्स गेट ३' असाच ऑक्टोबर २०२० मध्ये विकायला काढला, जवळपास तीन वर्षं लोकांच्या सूचना ऐकत घडवला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पुरा केला. त्या वर्षीचे मोठे पुरस्कार त्याने नेले. पण याच दारातून 'द डे बिफोर'ही आला. ७ डिसेंबर २०२३ ला विक्री सुरू, ११ डिसेंबरला स्टुडिओ बंद झाल्याची घोषणा. चार दिवस! वर्षानुवर्षं दाखवलेल्या भव्य जगाच्या जागी लोकांना काहीतरी वेगळंच मिळालं होतं. शेवटी सगळ्यांचे पैसे परत झाले, तास न मोजता.

भारतातल्या खेळाडूचं काय? आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्याच महिन्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल उत्पादनं नावानिशी धरलेली आहेत. कंपनी परदेशात नोंदलेली असली तरी ती भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर माल विकत असेल तर नियम तिलाही लागू. जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील, माल सदोष असेल, तर विक्रेत्याला पैसे परत करायला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. दुकानांच्या बिलावर लाल अक्षरात छापलेलं 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्यही सदोष मालाच्या बाबतीत कागदापुरतंच: बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे न देणं, ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तीन हजारांच्या गेमसाठी आयोगाची पायरी कोण चढणार, हा प्रश्न रास्त आहे. पण तक्रारीच्या पत्रात कायद्याचं नाव घातलं की उत्तर देणाऱ्याची भाषा बदलते.

त्या पत्रात काय असावं? 'गेम एकदम बकवास आहे' याने काही होत नाही, ते मत झालं. कोणता कन्सोल किंवा कोणतं ग्राफिक्स कार्ड, गेमची आवृत्ती कितवी, कुठे, किती वेळा बंद पडला, हे लिहायचं. मोबाइलवर त्या काळ्या पडद्याचा व्हिडिओ घ्यायचा. विक्रीच्या पानावर जे कबूल केलं होतं त्याचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवायचा, कारण पानं बदलतात. आणि दोष दिसला की खेळणं थांबवायचं. 'अजून एकदा बघू' करत लोक घड्याळ संपवतात. पहिली विनंती यंत्राने फेटाळली तर दुसऱ्यांदा करावी, तेव्हा माणसाने वाचण्याची शक्यता वाढते. बँकेत जाऊन कार्डाचा व्यवहारच उलटवायचा मार्ग अगदी शेवटचा. पैसे येतील, पण दुकान चिडून पूर्ण खातं गोठवू शकतं आणि दहा वर्षांत जमवलेले बाकीचे गेमही त्यासोबत कुलूपबंद होतात.

सगळ्यात सोपा उपाय आगाऊ नोंदणी न करण्याचा. गणपतीत कोकणकन्येचं तिकीट संपतं म्हणून दोन महिने आधी धावपळ करायची, हे समजतं. डाउनलोड संपत नाही. मग रांग कशाची लावायची? आगाऊ पैसे दिले की ज्या एका गोष्टीला कंपनी घाबरते, ती म्हणजे पहिल्या आठवड्यातली विक्री पडणं, ती भीतीच आपण काढून घेतो.

'सायबरपंक' पुढे सुधारला, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. खरं आहे. सप्टेंबर २०२३ च्या २.० या आवृत्तीने पोलिसांपासून लढाईपर्यंत बरंच काही नव्याने बांधलं, आणि आज त्याची गणना उत्तम गेममध्ये होते. पण ती आवृत्ती प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी निघालीच नाही. जुन्या कन्सोलवरचं मोठं काम आदल्याच वर्षी १.६ वर थांबलं. ज्यांच्यासाठी माफीपत्र लिहिलं गेलं ते याच यंत्रांवर खेळत होते. नवा कन्सोल घेतला तर गेमची नवी आवृत्ती फुकट, असं त्यांना सांगितलं गेलं. म्हणजे पंख्याची दुरुस्ती मोफत, फक्त घर नवीन घ्या.

भाच्याच्या गेमचा पॅच आला. मार्चमध्ये, १९ जीबीचा. बहिणीने फोन करून विचारलं की नेटचा सगळा डेटा एका रात्रीत कुठे गेला. तो पूल आता नीट ओलांडता येतो म्हणे. 'म्हणे' अशासाठी की त्याचा दहावीचा बीजगणिताचा पेपर दोन दिवसांवर होता आणि कन्सोल तिने कपाटात घालून किल्ली स्वतःकडे ठेवली होती.